एक वाक्य

रविवार, रात्री उशिरा.

झोप येत नाहीये. कारण सांगायला गेलं तर एवढंसं आहे. मासीमांचे, मावशीला इथे बंगालीत मासीमा म्हणतात, गुडघे परत धरलेत आणि यांना आज ऑफिस होतं, म्हणून त्यांना घेऊन कलकत्त्यातल्या बोबाजारच्या चर्चमध्ये मीच गेले, कॅरे बॅप्टिस्टमध्ये. उपासना संपल्यावर त्यांच्या मैत्रिणीने माझा हात धरला, म्हणाल्या तू मराठी ना, आमच्या केरी साहेबांनी तुमचं व्याकरण लिहिलंय, बोल की काहीतरी तुझ्या भाषेत. आणि मला सुचेना. एक वाक्य सुचेना! तोंडातून आलं ते 'आमि भालो आछि', मी बरी आहे, तेही बंगालीत. त्या हसल्या, पाठीवरून हात फिरवला, त्यांच्यापुरता विषय संपला.

माझा नाही संपला. येताना टॅक्सीत डोळे भरून आले, मासीमांना वाटलं धूळ गेली.

रोज मराठी बोलायचं म्हणजे आईशी फोनवर, अर्धा अर्धा तास. आता फोन... जाऊ दे. यांच्याशी डबा, लाईट बिल आणि गाडीची वेळ, त्याला काय भाषा लागते?

आणि हे व्हावं कुठे तर त्या चर्चमध्ये. १ जानेवारी १८०९ ला उघडलं ते, लालबाजार चॅपेल म्हणायचे तेव्हा. आसपास खलाशांचे दारूचे अड्डे, आणि आत बाकांवर पोर्तुगीज, आर्मेनियन, गोरे शिपाई, बंगाली, म्हणजे एकाची भाषा दुसऱ्याला धड कळत नसणार असे सगळे. वेल्लोरच्या शिपायांच्या बंडानंतर कंपनी सरकार इतकं घाबरलेलं की मिशनऱ्यांना कलकत्त्यात उपदेश करायचीही चोरी, तरी वर्गणी काढून या लोकांनी ते उभं केलं. १८१२ च्या सप्टेंबरात जडसन या मिशनरी नवरा-बायकोचा बाप्तिस्मा तिथेच झाला. अमेरिकेतून दुसऱ्या पंथाच्या पैशाने निघालेले, बोटीवर वाचता वाचता मत बदललं की बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा नाही, कळत्या माणसाचा, आणि तोही पूर्ण पाण्यात उतरून. कंपनीने त्यांना टिकू दिलं नाही, ते ब्रह्मदेशात गेले आणि जडसनने अख्खं बायबल बर्मी भाषेत नेलं. परक्या भाषेत जन्म काढला त्या माणसाने.

आणि विल्यम कॅरे, म्हणजे त्या मैत्रिणीचे केरी साहेब, मिशनरी होण्याआधी जोडे शिवणारा, इंग्लंडातल्या खेड्यातला. हुगळीकाठचं श्रीरामपूर डॅनिश लोकांकडे, कंपनीकडे नाही, म्हणून तिथे राहायचा, आणि होडीने हुगळीवरून कलकत्त्याला कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवायला यायचा, आधी बंगाली, मग मराठीही. १८०५ ला मराठीचं व्याकरण, त्याच साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत, १८१० ला कोश, त्यातले मराठी शब्द चक्क मोडी टाइपात. ज्या शहराने मराठ्यांच्या भीतीने १७४२ ला खंदक खणला, त्याच शहरात!

पण मला सारखे आठवतायत ते वैजनाथ शर्मा, कॉलेजातले मराठीचे पंडित, ज्यांच्या जिवावर हे सगळं उभं राहिलं. कॅरेनेही त्यांचं ऋण मानलंय. दिवसभर साहेबाला 'तो गेला, ती गेली, ते गेलं' समजावून सांगत असतील, आणि संध्याकाळी? घरी कोण होतं त्यांच्याशी बोलायला? दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी जीव एवढा का तुटतोय कळत नाही. म्हणजे कळतंय.

मला एक वाक्य सुचलं नाही. शाळेत निबंधाला पहिला नंबर यायचा माझा.

संध्याकाळी दूध तापत ठेवलं आणि खिडकीशी उभी राहिले, हेच सगळं डोक्यात, आणि मागे चर्र झालं तशी मी ओरडले, 'अगं बाई, उतू गेलं की गं सगळं!' घरात मी एकटीच. ओट्यावरून दूध खाली ओघळत होतं, साय शेगडीला चिकटून करपलेली, आणि मी फडकं हातात धरून तशीच उभी. कुणी विचारलं नव्हतं, आठवायला लागलं नव्हतं, आपसूक आलं. तो 'की गं' तर आईचा, जसाच्या तसा. बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. मागितल्यावर येत नसेल तर न येऊ दे, आहे तर खरं आत कुठेतरी.

मासीमांचे गुडघे इतक्यात बरे होणारे नाहीत. पुढच्या रविवारी मीच जाईन म्हणून सांगितलंय यांना. त्यांची ती मैत्रीण आली तर हेच ऐकवीन, उतू गेलं की गं सगळं, आणि मग अर्थ सांगेन बंगालीत.