पहिला ग्लास नुसता फेस: चौथ्या केगची नोंद

एप्रिलच्या शेवटी गॅलरीतल्या बिअरच्या फ्रिजमध्ये चौथा केग (दाबाखाली बिअर ठेवायची स्टीलची टाकी) लावला. १९ लिटरचा, कॉर्नी प्रकारचा, आत गव्हाची बिअर. तेव्हापासून नळ उघडला की ग्लासभर फेस आणि तळाशी बोटभर बिअर. शेजारचे काका बघून म्हणाले, "अहो, बिअर काढताय की ताक घुसळताय?"

फेस जास्त म्हणजे दाब जास्त, असं धरून मी गॅसचा रेग्युलेटर १२ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) ८ वर आणला, मग ५ वर. फेस वाढलाच! दोन दिवस डोकं खाजवल्यावर ट्यूब पेटली. बिअरमध्ये गॅस मुरलाय तो १२ च्या हिशोबाने. वरून दाब काढून घेतला की तो सुटायला बघतो, आणि सुटतो तो नळीतच. केगच्या तोंडाशी पारदर्शक नळीत बुडबुड्यांच्या पट्ट्या दिसत होत्या, त्या याच. काटा परत १२ वर नेला, कानाला खडा. (दाब पूर्ववत करूनही तिथेच बुडबुडे दिसत राहिले, तर डिप ट्यूबची (केगच्या तळापासून बिअर वर आणणाऱ्या नळीची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बघा. माझी ठीक निघाली.)

मग तापमान. फ्रिजच्या डिस्प्लेवर ३ अंश, पण ती हवा. पाण्याचा ग्लास रात्रभर केगशेजारी ठेवून मोजलं तर ७! सेन्सर वरच्या कोपऱ्यात कॉइलला चिकटून बसला होता. तो केगच्या पोटाला टेपने बांधला, वरून थर्माकोलचा तुकडा. दुसऱ्या दिवशी पाणी ४ वर. ४ अंशाला १२ पीएसआय म्हणजे साधारण अडीच व्हॉल्यूम गॅस, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट. गव्हाच्या बिअरला मला थोडा जास्तच आवडतो, पण आधी फेस आवरू दे म्हटलं.

यानंतर दुसरा, तिसरा ग्लास छान यायला लागला. पहिला मात्र तसाच. मेख इथेच होती. घोडबंदर रोडवरचा आमचा फ्लॅट, पश्चिमेची गॅलरी, मे महिना. दुपारी चारला टॉवरला (फ्रिजवरचा खांब, ज्याला नळ बसवलेला असतो) हात लावला तर चहाचा कप धरल्यासारखा. नळीत बिअर मावते किती? तीन मीटर नळी धरली तरी जेमतेम ५५ मिली. पण टॉवरमधली तेवढीशी बिअर तिशी गाठते, आणि त्या तापमानाला अडीच व्हॉल्यूम धरून ठेवायला ३० च्या वर पीएसआय लागतो. आपण देतोय १२. शिवाय मागून येणारी थंड बिअर त्याच तापलेल्या नळातून जाते, म्हणून अख्खा ग्लास वाया.

जुन्या कॉम्प्युटरचा ८० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा फ्रिजच्या तळाशी बसवला आणि त्याच्या तोंडाला नळी जोडून ती टॉवरच्या टोकापर्यंत नेली. थंड हवा वर जाते, बाजूने परत खाली येते. त्याच दिवशी बिअर लाइनही (केगपासून नळापर्यंतची नळी) बदलली. आधीची दीड मीटर, आतून ६ मिमीची होती. आता ३ मीटर, आतून ५ मिमीला थोडी कमी, म्हणजे बिअरचा जोर वाटेतच कमी होतो. गुंडाळी केगच्या डोक्यावर आडवी ठेवलीय. चार तास नळाला हात न लावता पहिला ग्लास काढला: दोन बोटं फेस, खाली बिअर. काकांना बोलावून दाखवला.

तरी मेव्हणा आला की फेस होतोच. तो नळ गॅसच्या बटणासारखा हळूहळू फिरवतो, काळजीने. अर्धवट उघडलेल्या नळात बिअर फाटते. एका झटक्यात पूर्ण उघडायचा, हे त्याला तीनदा सांगून झालं. वर ग्लास फ्रीझरमधून काढतो, बर्फाची साय धरलेला. त्या सायीवरही फेस उठतो.

जून लागल्यापासून नवीनच प्रकार. टॉवर आता इतका गार राहतो की दमट हवेत त्याला घाम फुटतो आणि ओटा ओला होतो. सध्या खाली फडकं ठेवलंय. आतून फोम लावून झालाय. बाहेरून कोणी काही लावलंय का?