रेंज ५० मैल केली तरी कालिना ऐकू येईना: स्कॅनर लॉग, ठाणे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. भाच्याने उसगावातून आणलेला युनिडेनचा बीसीडी ४३६ एचपी हा रेडिओ स्कॅनर (एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जाणारा रेडिओ) हातात आल्यापासून पहिले दोन वीकेंड निव्वळ सेटिंगशी मारामारी करण्यात गेले आणि ती का झाली ते आता कुठे डोक्यात शिरलंय, म्हणून इथे टाकून ठेवतो. कुणाकडे ४३६ किंवा त्याची भावंडं ५३६, एसडीएस १०० आली असतील तर निदान तुमचे दोन वीकेंड वाचतील.

आधीच सांगतो, माझ्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आहे आणि मी ऐकतो ते एफएम ब्रॉडकास्ट, हॅमचा दोन मीटर बँड (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) आणि डोक्यावरून जाणारं स्पेस स्टेशन एवढंच. पोलीस, विमानं वगैरेच्या फ्रिक्वेन्सी मला विचारू नका. आपल्याकडे ते कायद्यात बसत नाही आणि मला त्या फंदात पडायचं नाही. सेट मागवायच्या आधी स्वतःच्या लायसन्सचंही बघून घ्या.

तर हा स्कॅनर बनलाय अमेरिका-कॅनडाच्या लोकांसाठी. तिकडे तुम्ही झिप कोड (तिकडचा पिनकोड) टाकला की आतल्या डेटाबेसमधून त्या भागातले सगळे चॅनेल तो आपोआप उचलतो. आपल्यासाठी तो डेटाबेस कोरा. मला हे माहीत होतं तरी हौस म्हणून पिनकोड टाकून बघितला, ४००६१०. सेट घेतो पाचच आकडे, त्यामुळे राहिलं ४००६१ आणि मी बसल्या जागी केंटकी राज्यात पोचलो!! ठाण्याच्या पोखरण रोडवरून थेट केंटकी, तेही बिनव्हिसाचं.

मग झिपचा नाद सोडून अक्षांश-रेखांश हाताने भरले. १९.२२ आणि ७२.९७. तरी लोकेशन काहीतरी विचित्र दिसायला लागलं म्हणून नीट बघितलं तर भाच्याने तिकडे सेट करून दिलेलं असल्यामुळे रेखांश पश्चिमेचा राहिलेला. १९.२२ उत्तर, ७२.९७ पश्चिम म्हणजे हैतीच्या किनाऱ्याजवळचा समुद्र. पश्चिम काढून पूर्व केलं तेव्हा कुठे ठाण्यात परत आलो. तुम्ही कॉम्प्युटरवर सेंटिनेल सॉफ्टवेअरमधून भरत असाल तर तिथे पश्चिमेला उणे चिन्ह लागतं, आपल्याला ते नकोय.

आता मुद्द्याची गोष्ट, रेंज. मी समजून चाललो होतो की रेंज वाढवली की सेटला लांबचं ऐकू येणार, म्हणजे आवाजाच्या बटणासारखं काहीतरी, कान मोठे करायचं बटण. फेव्हरिट लिस्टमध्ये मुंबईची एफएम स्टेशन्स, मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमधलं कम्युनिटी रेडिओ १०७.८, पुण्याचं १०१.०, नाशिकचं १०१.४ असं सगळं भरून ठेवलं आणि रेंज ० ची १०, १० ची ५० करत बसलो. काहीही फरक नाही. शून्यावर जे ऐकू येत होतं तेच पन्नासवर. एक अख्खा रविवार गेला, बायको म्हणाली अहो एवढा वेळ टीव्हीचा रिमोट जरी दुरुस्त केला असता तरी उपयोग झाला असता.

कारण निघालं अगदी फुसकं. स्वतः बनवलेल्या लिस्टला लोकेशन कंट्रोल नावाचं वेगळं सेटिंग असतं आणि ते बंद होतं. ते बंद असेल तर सेट तुमचं लोकेशन आणि रेंज दोन्हीकडे ढुंकूनही बघत नाही, लिस्टमध्ये आहे ते सगळं सरसकट स्कॅन करतो. बरं, मग ते ऑन केलं, तर स्क्रीनवर 'नथिंग टू स्कॅन' आणि सेट एकदम गप्प. असलेलं पण गेलं!

हे समजायला दुसरा वीकेंड लागला. लिस्टमधल्या प्रत्येक डिपार्टमेंटला (सेटच्या भाषेत चॅनेलचा गट) स्वतःचं लोकेशन द्यावं लागतं, म्हणजे ट्रान्समीटर कुठे आहे आणि त्याचं वर्तुळ किती मैलांचं आहे ते. मी ते भरलंच नव्हतं, त्यामुळे सगळ्यांचं लोकेशन शून्य-शून्य, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात. पुणे, नाशिक आणि मुंबई विद्यापीठ तिघंही एकत्र पाण्यात. ठाण्यातून पन्नास मैलांत तिथलं काय सापडणार?

सेट करतो काय तर दोन वर्तुळं बघतो. एक ट्रान्समीटरभोवतीचं, जे तुम्ही त्या डिपार्टमेंटला दिलंय, आणि दुसरं तुमच्याभोवतीचं, ज्याची त्रिज्या म्हणजे तुमची रेंज. दोन्ही एकमेकांना लागली की तो चॅनेल यादीत येतो, नाही लागली की वगळला जातो. बास, एवढंच. रेंज शून्य ठेवली म्हणजे सेट बहिरा झाला असं नाही, तुम्ही स्वतः ट्रान्समीटरच्या वर्तुळात उभे असाल तर शून्यावरही चॅनेल स्कॅन होतो. अँटेनाचा, सिग्नलचा, डोंगराचा या हिशोबाशी काडीचाही संबंध नाही. लग्नाची आमंत्रणाची यादी असते ना तसं. यादीत नाव आलं म्हणजे पाहुणा आला असं होत नाही, आणि यादीत नसलेला येऊन जेवून जातो तो वेगळाच.

प्रयोगासाठी १०७.८ च घेतलं कारण कम्युनिटी रेडिओ असल्यामुळे पॉवर कमी (अशा स्टेशनांना साधारण १०० वॅट ईआरपीची, म्हणजे अँटेनातून बाहेर पडणाऱ्या पॉवरची, मर्यादा असते आणि टॉवरही तीसेक मीटरचाच) म्हणून वर्तुळ छोटं, गणित सोपं. कालिना कॅम्पसचं लोकेशन टाकलं आणि वर्तुळ दिलं सहा मैल, म्हणजे दहाएक किलोमीटर. माझ्या घरापासून कालिना सरळ रेषेत वीसेक किलोमीटर, म्हणजे साडेबारा मैल. रेंज ५ ठेवली, सहा आणि पाच अकरा, चॅनेल यादीत नाही. रेंज ७ केली, तेरा, लगेच यादीत हजर. इतकं चोख बसलं की मी एकटाच गॅलरीत हसलो. मग स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबून टाकणारं सेटिंग) उघडून कान लावला तर... खरखर. निव्वळ खरखर. रेंज ५० केली तरी तीच खरखर.

का? कागदावर तर यायला पाहिजे होतं. लाइन ऑफ साइटचं, म्हणजे मधे अडथळा नसताना सिग्नल थेट किती लांब पोचेल त्याचं, ढोबळ सूत्र आपल्या सगळ्यांना माहीत आहे, दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं घ्या, बेरीज करा, ४.१२ ने गुणा, किलोमीटर मिळतात. मी सातव्या मजल्यावर म्हणजे समजा २५ मीटर, त्यांचा टॉवर ३० मीटर, उत्तर येतं ४३ किलोमीटर. वीस किलोमीटर म्हणजे निम्मं पण नाही. पण हे सूत्र सपाट मैदानासाठी. माझ्या आणि कालिनाच्या मध्ये येऊर आणि नॅशनल पार्कची टेकाडं आडवी, वर माझी गॅलरी पूर्वेला कळव्याच्या बाजूला तोंड करून, म्हणजे डोंगर पाठीशी आणि आमची अख्खी बिल्डिंगही पाठीशी.

पुढच्या शनिवारी ताईकडे नेरूळला गेलो होतो, सेट बॅगेत होताच. तिचं घर चौथ्या मजल्यावर, पाम बीच रोडच्या बाजूला, खिडकीतून खाडी दिसते. कालिना तिथून सरळ रेषेत अठराएक किलोमीटर, म्हणजे माझ्या घराच्या तुलनेत फार काही जवळ नाही, आणि मजले तर तीन कमी. सेटबरोबर आलेला रबरी अँटेनाच लावून खिडकीच्या ग्रिलला टेकवला आणि १०७.८ आलं. स्टुडिओसारखं नाही, मागे थोडी फस फस होती, पण बोलणं शब्द न् शब्द कळत होतं. दोन पावलं मागे हॉलमध्ये आलो की गेलं, परत खिडकीशी गेलो की आलं. ताईने विचारलं, हे पकडायला तू ठाण्याहून आलास? मोबाइलवर लावून दिलं असतं की. तिला काय सांगणार.

मधे खाडीचं पाणी आणि बऱ्यापैकी सपाटी, एवढाच फरक.

उलटा अनुभव नाशिकचा. १०१.४ ला मी अंदाजाने वीस मैलांचं वर्तुळ दिलं होतं. ठाण्यापासून नाशिक सरळ रेषेत १२० किलोमीटर, म्हणजे पंचाहत्तर मैल. रेंज ५० ठेवली तरी बेरीज सत्तरच, त्यामुळे सेटच्या मते नाशिक माझ्यासाठी अस्तित्वातच नाही. पण थंडीतल्या एका पहाटे, चांगलं धुकं होतं त्या दिवशी, सेटवर हाताने १०१.४ लावून टेलिस्कोपिक अँटेना पाऊण मीटर बाहेर काढून गॅलरीत ठेवला तर मधूनच मराठी बोलणं वर यायला लागलं, परत बुडायचं, परत वर यायचं. थंडीत जमिनीलगत गार हवा आणि वर गरम असा थर बसला की व्हीएचएफ (एफएम आणि दोन मीटर ज्यात येतात त्या लहरी) त्याच्याखालून वाकून लांब जातं, ते हेच. पुण्याचं १०१.० अंतराला तेवढंच असूनही मला एकदाही मिळालं नाही, कारण शेजारी १००.७ वर आपलं एफएम गोल्ड दणकून बसलंय, तीनशे किलोहर्ट्झवर एवढा दांडगा शेजारी असताना पुण्याचा आवाज कुठला पोचायला. नाशिकला निदान सातशेचं अंतर मिळतं.

स्पेस स्टेशनचं काय करायचं हा एक गमतीशीर प्रश्न होता. ते चारशेपेक्षा जास्त किलोमीटर वर, त्याला कुठलं लोकेशन देणार? मी त्याच्या १४५.८०० आणि १४५.८२५ मेगाहर्ट्झ या दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगळ्या लिस्टमध्ये काढल्या आणि त्या लिस्टचा लोकेशन कंट्रोल बंद ठेवला. म्हणजे ज्या सेटिंगने आधी छळलं तेच इथे कामाला आलं. चांगला पास (डोक्यावरून एक फेरी) असेल तर दहाएक मिनिटं मिळतात, येताना फ्रिक्वेन्सी साधारण तीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते.

आता अँटेना. लॅमिंग्टन रोडवरून एसओ-२३९ सॉकेट (केबल जोडायचं) आणि ब्रासचे रॉड आणून दोन मीटर बँडसाठी ग्राउंड प्लेन अँटेना बनवला, उभा रॉड ४९ सेंटिमीटर, खाली चार रॉड थोडे लांब आणि ४५ अंशात वाकवलेले. माझ्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ब्रास तापेचना, सोल्डर नुसतं गोळी होऊन घरंगळायचं, शेवटी मित्राचं ६० वॅटचं आणलं आणि रॉडची टोकं आधी पॉलिश पेपरने घासली तेव्हा धरलं. आम्ही वरच्याच मजल्यावर असल्यामुळे गच्चीवरून आरजी ५८ ची पंधरा मीटर केबल खाली घेतली. पंधरा मीटरमध्ये १४५ ला साधारण निम्मा सिग्नल केबलच खाते, हे माहीत असून आरजी ५८ घेतली कारण घरात पडलेली होती, कुणी शिव्या देऊ नका. सोसायटीच्या काकांना वीज पडेल अशी भीती आहे म्हणून परवानगी फक्त रविवारपुरती, संध्याकाळी उतरवायचा.

आणि गच्चीवर लावल्यावर हॅम बँडवर काय ऐकू आलं? हिंदी गाणी. मोठा अँटेना लावल्यामुळे मुंबईचे दांडगे एफएम इतके आत घुसले की सेट भांबावला. अॅटेन्युएटर ऑन केला, गाणी गेली आणि मागे लपलेले हॅमवाले स्वच्छ ऐकू आले. सिग्नल कमी केला तेव्हा जास्त ऐकू आलं, हे भाच्याला फोनवर सांगितलं तर त्याला वाटलं मामा चेष्टा करतोय. एफएम नॉच फिल्टर (फक्त एफएमचा पट्टा अडवणारा) मागवलाय, तो लावला की अॅटेन्युएटरची गरज पडू नये.

एक राहिलंच, खरखर. घराचा मेन स्विच बंद करून सेट सेलवर चालवून बघा एकदा, तीन पेन्सिल सेल लागतात फक्त. माझ्याकडे मेन पाडल्यावर खरखर जवळजवळ अर्धी झाली. मग एकेक एमसीबी वर करत गेलो तर चोर निघाला फिश टँकचा एलईडी, त्याचा अडॅप्टर. दोनशे रुपयांचा अडॅप्टर. तो बदलला, लिफ्टचं मात्र काही करता येत नाही, ती हलली की दोन मीटरवर टर्र्र होणारच.

सध्या असं ठेवलंय: रोजच्या लिस्टला लोकेशन कंट्रोल ऑन आणि रेंज १०, नेरूळला जाताना तीच लिस्ट पण लोकेशन ताईच्या घराचं, आणि लांबच्या स्टेशनांची वेगळी लिस्ट कंट्रोल बंद करून. परवा पहाटे परत नाशिकसाठी बसलो होतो, पावणेसातला आवाज इतका वर आला की केंद्राचं नाव सांगणार असं वाटलं, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि नेमका स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. फाइलमध्ये अडीच मिनिटं शेंगदाण्याची चटणी आहे.