अंगणातला पाइन आणि अण्णांचा प्रश्न

"तू अंगणात लावलास त्या छत्रीसारख्या वाढणाऱ्या पाइनचं बी आपल्या वाडीत रुजेल का रे?" असे अण्णांनी गुहागरहून फोनवर विचारले, आणि दोन वाक्यांत उत्तर देता येईना.

इटलीत तोस्कानाच्या किनाऱ्यावर पाइनची राई प्रथम पाहिली तेव्हा मला आपले सुरूचे बनच आठवले होते. तशीच वाळू, तसाच खारा वारा. सुरू मात्र पाइनच्या कुळातला नव्हे. हा पाइन चिलगोज्याचा भाऊबंद असून त्याच्या शंकूतले बी इथे आवडीने खातात, पण तो शंकू पिकायला 3 वर्षे लागतात.

शेजारच्या आजींनी दिलेले बी एक दिवस भिजवून मी खोल कुंडीत, वाळू मिसळलेल्या मातीत पेरले. महिन्याभरात रोप आले. सुरुवातीची पाने आखूड, निळसर आणि सुटी असतात. जोडीने येणाऱ्या लांब सुया काही वर्षांनी दिसू लागतात. सोटमूळ कुंडीत गुंडाळले जाऊ नये म्हणून दुसऱ्या वर्षीच रोप जमिनीत लावले आणि आजींच्या जुन्या पाइनखालची ओंजळभर माती खड्ड्यात घातली, कारण मुळांना अन्नपाणी मिळवून देणारी बुरशी त्या मातीतून येते.

चूक पाण्यात झाली. आंब्याच्या कलमाला करतात तसे आळे करून मी उन्हाळाभर रोज शिंपण केले आणि सुया पिवळ्या पडू लागल्या. आजींनी आळे मोडायला लावले, खोडापाशी पाणी साचू द्यायचे नाही असे बजावले, आणि आठ-दहा दिवसांतून एकदाच, पण खोल मुरेल असे पाणी द्यायला सांगितले. झाड सावरले. एकदा मुळे खोल गेली की उन्हाळ्यातही त्याला पाणी द्यावे लागत नाही.

जुन्या लाकडावर पाइनला पुन्हा पालवी फुटत नाही, म्हणून छाटणी खालच्या वाळक्या फांद्यांपुरती आणि तीही हिवाळ्यात करतात. हिवाळ्यातच फांद्यांच्या टोकांना एका सुरवंटाची पांढरी, रेशमी घरटी दिसतात. त्याच्या केसांनी त्वचेला आणि डोळ्यांना इजा होते, म्हणून त्यांना हात लावायचा नाही.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा 4 महिन्यांत. इकडे तोस्कानाच्या किनाऱ्यावर मात्र मुख्य पाऊस शरदात आणि हिवाळ्यात येतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि झाडाचे सारे जगणे त्याच क्रमाला जुळलेले आहे. आपल्या आषाढात त्याची मुळे कुजण्याचीच भीती अधिक. अण्णांना तसे कळवले आहे. बी पाठवत नाही, तुम्हीच या, झाड आता तुमच्या कमरेला लागेल, असेही लिहिले आहे.