दिवाणजींनी डबा उघडला की बंद पडणारा कॉम्प्युटर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात कॉम्प्युटर बंद पडणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. सकाळी सौदे होतात, माल तोलला जातो आणि दुपारी शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, अडत्याच्या दारात ठाण मांडून बसतो. अशा ऐन गर्दीत एका अडत दुकानातून शेठचा फोन आला. "कॉम्प्युटर अचानक जातोय. यूपीएस नवीन घेतला, आतला पॉवर सप्लाय, एसएमपीएस, बदलला, फॉरमॅट मारलं. तरी जातोयच."

आधीच्या दुरुस्तीवाल्यानं मशीन आपल्या दुकानी नेलं होतं. तिथं टेबलावर रात्रभर चालू ठेवलं, एकदाही बंद पडलं नाही, म्हणून ओके करून परत पाठवलं. यार्डात आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे ऐकल्यावर मी मशीन उचलायचंच नाही असं ठरवलं. जिथं बसलंय तिथंच बघायचं.

दिवाणजी साठीच्या पुढचे. त्यांनी निदान आधीच केलं होतं. "मी जेवणाचा डबा उघडला की हे मरतंय बगा. फॉरमॅट मारल्यापासनं तर रोज. भूत लागलंय का काय ह्याला?" हमाल हसले. मला मात्र त्या वेळेत रस वाटला, कारण खराब रॅम काही घड्याळ बघून चुकत नाही. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. कर्नल-पॉवर 41 च्या ओळीच ओळी. ही नोंद कारण सांगत नाही, मशीन नीट शटडाऊन न होता गेलं एवढंच सांगते, आणि तीही पुन्हा चालू झाल्यावर पडते. खरी कामाची तिच्या जोडीची 6008. आधीचं बंद पडणं किती वाजता झालं ते तिच्यात लिहिलेलं असतं. अलीकडच्या बहुतेक वेळा दोन ते अडीचमधल्या. मग फॉरमॅटनंतर टाकलेल्या अँटीव्हायरसची सेटिंग बघितली: रोज पूर्ण स्कॅन, दुपारी दोन वाजता. दिवाणजींचा डबाही दोनलाच.

स्कॅन गुन्हेगार नव्हता, त्यानं फक्त प्रोसेसरला कामाला जुंपलं होतं. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं तर काही न करता प्रोसेसर 74 अंशांवर बसलेला. मी हातानं स्कॅन चालू केलं. 85, 92, 97. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा 100 अंशांच्या आसपास असते. तिथं पोचला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो, आणि तरीही उष्णता आवरली नाही तर जळू नये म्हणून वीजच तोडली जाते. आमच्यासमोर तसंच झालं. माउस जड झाला, खिडकी उघडेना, आणि खटकन सगळं काळं. "आत्ता तर डबा पिशवीतच हाय," दिवाणजी म्हणाले. लगेच बटण दाबलं तर विंडोज वर येता येताच पुन्हा बंद. थोडा वेळ थांबून लावलं की बराच वेळ चालणार, हेही तापण्याचंच लक्षण.

कॅबिनेट काउंटरच्या बंद कप्प्यात होतं. पाठ भिंतीला चिकटलेली, डोक्यावर गेल्या सालच्या पट्ट्यांचे गठ्ठे, तोंड पोती ओततात त्या बोळाकडं. बाजूचा पत्रा काढला तर पंखा वरून अगदी स्वच्छ, आधी कुणीतरी ब्लोअर मारलेला. पण पंखा हीटसिंकवरून, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरून, सुटा केला आणि खालची गंमत दिसली. ॲल्युमिनियमच्या पात्यांवर पिवळीधमक गादी. हळदीत अंगचंच तेल असतं, त्यामुळं तिची धूळ साध्या धुळीसारखी उडत नाही, थर धरते. नख घालून उचलली तर अख्खी वडी हातात आली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या नमुन्यालाही लागू पडलं असतं.

हीटसिंक उचलताना आणखी एक सापडलं. त्याच्या चार प्लॅस्टिकच्या पायांपैकी एक बोर्डात बसलेलाच नव्हता. तो कोपरा उचललेला आणि खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप, वाळून खडूसारखी झालेली. रात्रीच्या गारव्यात, मोकळ्या टेबलावर, कामाविना हे सगळं खपून गेलं असणार.

ब्रशनं पाती मोकळी केली. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवला, कारण हवेनं तो सुसाट फिरला की बेअरिंग जातं. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवी मुगाच्या दाण्याएवढी लावली, चारी पाय टक् वाजेपर्यंत समोरासमोरचे दाबले. कॅबिनेट कप्प्यातून काढून काउंटरवर ठेवलं, भिंतीपासून वीतभर लांब. नुसतं चालू असताना 45. पूर्ण स्कॅनला 71 च्या वर गेलं नाही. स्कॅनची वेळ दुकान उघडायच्या वेळेला नेली. तोवर दारात शेतकरी ताटकळलेले होतेच, पहिली पट्टी निघाल्यावर त्यांच्यात जरा हालचाल झाली.

शेठनं बिल बघितलं. "म्हणजे नवीन काहीच घातलं न्हाई? नुसती हळद पुसली, आन् त्येचे एवढे?" मी कागदावरची पिवळी वडी पुढं केली. त्यांनी ती चिमटीत धरून वास घेतला, दोन रुपये कमी करायला लावले नाहीत, उलट हंगाम संपला की पुन्हा येऊन बघून जायला सांगितलं. दिवाणजींनी व्हाउचर फाडलं, तपशिलात 'हळद सफाई' लिहिलं आणि माझी सही घेतली.