सध्या चालवून घ्या

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला ऑफिसात एक वेळ अशी येते की सगळे कामात दिसतात आणि कुणीच कामात नसतं. सकाळच्या स्टँडअपला 'आज संपवते' म्हणून छातीठोक सांगितलेलं टिकेट अजून उघडलेलं नसतं, आणि संध्याकाळच्या कॉलला एवढा अवकाश असतो की ते उघडावंसंही वाटत नाही. अशा वेळी मी रिव्ह्यू करते, म्हणजे टीममधल्यांनी कोडमध्ये केलेले बदल तपासते. दुसऱ्याच्या चुका काढायला झोप आड येत नाही.

परवा असाच एक रिव्ह्यू उघडला. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीचा. बदल लहानसाच, आठ ओळी हिरव्या, म्हणजे नव्या, आणि दोन लाल, म्हणजे काढून टाकलेल्या. त्या दोन लाल ओळींतली वरची अशी होती:

'सध्या चालवून घ्या , नंतर नीट करतो .'

अक्षरं रोमन, पण भाषा अस्सल मराठी. एवढ्या मोठ्या कोडमध्ये बाकी सगळं इंग्रजी, सुटाबुटातलं. आणि ही एकच ओळ घरच्या कपड्यांत बाहेर आल्यासारखी. तिच्याखालच्या ओळीत प्रोग्रामला तीन सेकंद थांबायला सांगितलेलं.

हस्ताक्षर ओळखीचं होतं. टाइप केलेल्याला कसलं आलंय हस्ताक्षर, असं वाटेल. पण असतं. स्वल्पविरामाच्या आधी जागा सोडणारा आमच्यात एकच माणूस होता. तरी खात्रीसाठी ब्लेम करून पाहिलं. त्याचंच नाव. फोटोच्या जागी आता नुसता राखाडी गोल.

कुठली ओळ कुणी, कधी लिहिली हे सांगणाऱ्या आज्ञेला 'ब्लेम' नाव ज्याने दिलं त्याला ऑफिस नावाची जागा आतून माहीत असणार. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला गिटच्या आधी आम्ही सबव्हर्जन वापरायचो, तिथे हीच आज्ञा 'प्रेझ' अशीही देता यायची. ब्लेम म्हणा नाहीतर प्रेझ म्हणा, यादी तीच यायची, नाव तेच यायचं. पण इतक्या वर्षांत 'प्रेझ' टाइप करताना मी एकालाही पाहिलेलं नाही. अप्रेझलच्या महिन्यातसुद्धा नाही.

तर ते तीन सेकंद. एक प्रोग्राम फाइल लिहायचा आणि आमचा ती वाचायचा. आमचा जरा उतावळा. समोरच्याचं लिहून होण्याआधीच वाचायला बसायचा आणि अर्धाच रिपोर्ट दाखवायचा. तेही नेहमी नाही, कधी कधी. आमच्या धंद्यात 'कधी कधी' याइतका भीतिदायक शब्द नाही. जे नेहमी फाटतं ते संध्याकाळपर्यंत सापडतं. जे कधी कधी फाटतं ते फक्त क्लायंटसमोर फाटतं. रिलीजची रात्र होती, दीड वाजून गेला होता, आणि आम्ही दोघं एकाच स्क्रीनकडे बघत बसलो होतो. त्याने आधी एक सेकंद थांबवून पाहिलं. मग दोन. दोनने वीसदा चाललं आणि एकविसाव्यांदा फाटलं. मग तीन केले. चार का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "चार म्हणजे लाज वाटते."

मग त्याने वर ती कमेंट, म्हणजे कोडमधली टीप, लिहिली. रिव्ह्यू मीच पास केला. कोडमध्ये मराठी चालत नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पण त्या वेळी इंग्रजी सुचण्याच्या पलीकडे दोघंही गेलो होतो. शिवाय 'चालवून घ्या'ला इंग्रजीत काय म्हणणार? त्यात विनंती आहे, कबुली आहे, आणि समोरचा आपलाच माणूस आहे असं गृहीत धरणं आहे. इंग्रजीत 'टेंपररी वर्कअराउंड' झालं असतं, आणि त्यात कुणी कुणाला काही मागितलेलं नसतं.

'नंतर' काही आलं नाही. ते कुठल्याच कंपनीत येत नसावं. आधी दुसरा रिलीज आला, मग दुसरा मॅनेजर आला, मग याचा राजीनामा आला.

नोटीस पिरियडमधल्या माणसाकडे कधी नीट पाहिलंय? तो अचानक विनोदी होतो. मीटिंगमध्ये खरं बोलू लागतो. दोन वर्षं तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस शेवटच्या महिन्यात प्लॅनिंगला म्हणाला, "हे होणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे." आणि कुणी काही बोललं नाही, कारण ते खरंच होणार नव्हतं. त्याचं केटी, म्हणजे जाण्याआधी आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं, माझ्याकडे होतं. दोन-दोन तासांची चार सत्रं, सगळी रेकॉर्ड केलेली. ही रेकॉर्डिंग कुणी पाहत नाही. लग्नाच्या व्हिडिओचं होतं तेच त्यांचं होतं, असण्याचा दिलासा. मी मात्र नंतर एकदा अडले होते तेव्हा तिसरं सत्र उघडून पाहिलं होतं. त्यात तो ही फाइल वरून खाली सरकवतो, त्या कमेंटपाशी थांबतो, माउस तिच्याभोवती एक गोल फिरवतो आणि म्हणतो, "हे... हे तुला माहीतच आहे." आणि पुढे जातो. मागून माझा हसण्याचा आवाज येतो. बाकीच्या आठ तासांत त्याने जे काय शिकवलं त्यातलं आज मला काहीही आठवत नाही.

शेवटच्या दिवशी त्याने तो नेहमीचा मेल पाठवला. खूप शिकायला मिळालं, संपर्कात राहू. सगळ्यांनी सगळ्यांना उत्तर देत शुभेच्छा दिल्या, त्यामुळे दुपारभर सगळ्यांचे इनबॉक्स भरले. लॅपटॉप जमा झाला, कार्ड जमा झालं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला चॅटवर काही विचारायला गेले तर नावच उमटेना. माणसाचा ऑफिसातला वावर पुसायला आयटीवाल्यांना फार वेळ लागत नाही. कमेंट तेवढी राहते. तिच्यासाठी चेकलिस्टमध्ये रकाना नसतो.

लहानपणी मला नवं पुस्तक असं कधी मिळालंच नाही. ताई तीन वर्षांनी मोठी, त्यामुळे तिची पुस्तकं. दर जूनमध्ये माझ्या वर्गातल्या मुली कोऱ्या पानांचा वास घेत बसायच्या आणि मी ताईचा अभ्यास वाचत बसायचे. ती पेन्सिलीने समासात लिहायची. 'म.' म्हणजे महत्त्वाचं. दोनदा 'म.' म्हणजे फारच. 'येते' म्हणजे परीक्षेला येतं. एके ठिकाणी नुसतंच 'कंटाळा'. एका राजाच्या चित्राला चष्मा. भूगोलाच्या पुस्तकात एका धड्याच्या माथ्यावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'गाळला आहे.' मी तो धडा वर्षभर उघडला नाही. आनंदाने उघडला नाही. ताईने सांगितलंय म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. वर्गात तो शिकवला तेव्हा मला गोवर होता. वार्षिक परीक्षेत त्यावर आठ गुणांचा प्रश्न आला. धडा गाळला होता तो ताईच्या वर्षी.

घरी येऊन मी तिच्याशी कडकडून भांडले. ती म्हणाली, "मी खोटं कुठे लिहिलंय? तेव्हा गाळलाच होता." त्यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी एका सीनियरने बजावलं होतं, कोडवर विश्वास ठेव, कमेंटवर ठेवू नकोस. कोड बदलतो आणि कमेंट तशीच राहते. मी मान डोलावली. मला हे आठ गुण देऊन आधीच कळलेलं होतं.

परीक्षेवरून आठवलं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे १९७५ सालच्या, एक कमेंट आहे: हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. एका प्रोसेसकडून, म्हणजे चालू प्रोग्रामकडून, दुसरीकडे जातानाचा भाग आहे तो, खरोखरच डोकं गरगरवणारा. वर्षानुवर्षं लोकांना वाटत राहिलं की लिहिणाऱ्याने उर्मटपणे आव्हान दिलंय. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, डेनिस रिची, यांनी पुढे खुलासा केला की तसा काही हेतू नव्हता, 'हे परीक्षेला येणार नाही' अशा सुरात ते लिहिलं होतं. आणि वर अशीही कबुली दिली की तिथे नेमकं काय चाललंय ते आम्हालाही कळलेलं नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा ताईचीच आठवण झाली. पुढच्या आवृत्तीत तो भाग बदलला गेला, पण कमेंट मात्र अजून टी-शर्टांवर दिसते.

आणि तात्पुरतेपणाचं म्हणाल तर चंद्रावर उतरलेल्या यानातल्या संगणकाचा कोड आहे. आज कुणालाही वाचता येतो. त्यात उतरण्याच्याच भागात दोन ओळींपुढे लिहिलंय: तात्पुरतं, अशी आशा, आशा, आशा. तीनदा. मला त्या तीनदाचं फार बरं वाटलं. एकदा लिहिणारा मॅनेजरला सांगत असतो, दुसऱ्यांदा स्वतःला. तिसऱ्यांदा कुणाला ते रात्री दीडनंतर डिप्लॉय केलेल्यांना विचारावं. त्या संगणकातला प्रोग्राम म्हणजे चुंबकी कड्यांतून हाताने विणलेल्या तारा. एकदा विणलं की विणलं. म्हणजे ज्या आज्ञेपुढे कुणीतरी कळवळून 'तात्पुरतं' लिहिलं ती कारखान्यातल्या बायकांनी तारेने पक्की विणली, आणि जुलै १९६९ मध्ये ती तशीच चंद्रावर जाऊन उतरली. 'आशा, आशा, आशा' तेवढं इथेच राहिलं. कमेंट यंत्रापर्यंत पोचत नाही ना. यंत्राला तिच्याशी काही देणंघेणं नसतं, ते ती बाजूला टाकूनच वाचायला सुरुवात करतं. आम्ही दिवसभर जे बडवतो त्यातली तेवढीच ओळ कुणा माणसाने वाचावी म्हणून लिहिलेली असते.

हल्ली तीही लिहून मिळते. आमच्याकडे नवं टूल आलंय, ते कोडही लिहितं आणि वर कमेंटही. यादी आणणाऱ्या फंक्शनवर 'हे फंक्शन यादी आणतं'. व्याकरण चोख, स्वल्पविराम जागच्या जागी. त्यात कुणी कंटाळलेलं नसतं, कुणाला लाज वाटलेली नसते.

असो. रिव्ह्यू राहिलाच.

त्या मुलीने काम उत्तम केलं होतं. समोरचा प्रोग्राम आता फाइल आधी दुसऱ्याच नावाने लिहितो आणि पूर्ण झाली की तिचं नाव बदलतो. त्यामुळे आमच्या नावाची फाइल दिसली म्हणजे ती पुरी आहेच. थांबायची गरज नाही, एक सेकंदही नाही. एवढं साधं. आम्हाला त्या रात्री का सुचलं नाही? सुचलं होतं, मला वाटतं. पण समोरचा प्रोग्राम दुसऱ्या टीमचा होता, त्यांचा मॅनेजर आणि आमचा मॅनेजर बोलत नव्हते, आणि तीन सेकंदांना कुणाची परवानगी लागत नव्हती. या मुलीने त्या टीममधल्या कुणाला तरी सरळ मेसेज टाकला आणि त्याने दुसऱ्या दिवशी करून दिलं. मॅनेजर दोन्ही बदललेत मधे.

मी लिहिलं, "मस्त. फक्त ती कमेंट राहू दे."

तिचं उत्तर लगेच आलं. दुपारच्या तीनलाही जागी असते ही मुलगी. "कमेंट कशाची? खाली ओळच नाही."

बरोबर होतं. मी एक मोठा परिच्छेद टाइप केला, त्यात ती रात्र होती, एकविसावी खेप होती. मग तो पुसला. रिव्ह्यूत असं लिहीत नाहीत. मग लिहिलं की इतिहास म्हणून असावी, आणि तेही पुसलं, कारण तिने म्हटलं असतं की इतिहास गिटमध्ये आहेच, तिथे काही हरवत नाही. हरवत नाही खरंच. माळ्यावरही काही हरवत नाही. पण गोष्ट माळ्यावर असणं आणि येता-जाता दिसणं यात फरक आहे, आणि तो पुल रिक्वेस्टच्या भाषेत मला मांडता येईना. शिवाय दुसरी बाजूही मला चांगली ठाऊक होती. पुढे कधी कुणी नवा येईल, ती कमेंट वाचेल, खाली काहीतरी तात्पुरतं आहे असं धरून दिवस घालवेल. त्याचे आठ गुण जातील. हे सगळं समजत असताना मी ती ठेवायला सांगत होते.

"कारण?" तिने पुन्हा विचारलं. आमच्याकडे नियम आहे, बदल सुचवायचा तर कारण द्यायचं. नियम मीच आणलाय.

मी लिहिलं, "तात्पुरती राहू दे."

थोडा वेळ काही आलं नाही. मग तिने अंगठा पाठवला. पिवळा, गुबगुबीत. आता मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, आणि चॅटमध्ये त्याचा अर्थ काय धरतात तेही. तिने कुठला दाखवलाय ते बदल मूळ कोडमध्ये मर्ज झाला की कळेल. अजून मी पाहिलेलं नाही.