ओकायामाच्या डोंगरात इंग्रजीचा तास

ओकायामाहून त्सुयामाकडे जाणाऱ्या छोट्या डिझेल गाडीत मी पहिल्यांदा बसले ती ऑगस्टमध्ये. जपानचं शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं, जेट कार्यक्रमातले (परदेशी तरुणांना जपानच्या शाळांत नेमणारी तिथली सरकारी योजना; मीही त्यातूनच इंग्रजी शिकवायला गेले) बरेचसे सहायक शिक्षक मात्र उन्हाळ्यात पोचतात, ऐन सुट्टीत. स्टाफरूममध्ये दिवसभर रिकामं बसायला लागतं. तेव्हाच पाठ्यपुस्तकं वाचून काढा आणि शिक्षकांची नावं पाठ करा. सप्टेंबरात श्वास घ्यायला वेळ नसतो.

पहिल्या तासाला स्वतःची ओळख करून द्यायची असते. मी पुण्यातल्या पु. ल. देशपांडे उद्यानाचा फोटो लावला आणि ही बाग कुठली ते विचारलं. मुलं एकदम म्हणाली, "कोराकुएन!" ओकायामाच्या त्याच बागेवरून आपली बाग केली आहे. फोटो माझ्या गावचा आहे म्हटल्यावर वर्ग माझा झाला.

पण बोलायची वेळ आली की सगळे गप्प. ही शांतता अज्ञानाची नाही. चारचौघांत चुकण्याची भीती मोठी असते. एकेकाला उभं करू नका. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या, मग चौघांत, मग वर्गासमोर.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाला एक गोष्ट चटकन दिसते: जपानीत आपल्यासारखी जोडाक्षरं नाहीत. म्हणून 'डेस्क'चं 'देसुकु' होतं. मी टाळ्या वाजवून दाखवायचे. 'देसुकु'ला तीन, 'डेस्क'ला एकच. सहावीच्या मुलांना हे नुसत्या समजावण्यापेक्षा फार लवकर कळलं. स्वतःच्या भारतीय उच्चाराची काळजी करू नका. स्पष्ट आणि सावकाश बोललात की झालं.

खरी ओळख वर्गाबाहेर होते. रोज मुलं आणि शिक्षक मिळून शाळा झाडतात, पुसतात. तेव्हा फडकं घेऊन त्यांच्यात बसा. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी जिना पुसताना माझ्याशी इंग्रजीत बोलली, आणि त्या दिवशी मला इथे यायचं सार्थक वाटलं.

आता कागदपत्रं. भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेतून बारा वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी अर्जाआधीच याची चौकशी करावी, इंग्रजी माध्यमवाल्यांनी शाळा-कॉलेजकडून माध्यमाचा दाखला घेऊन ठेवावा. जेटचा करार एका वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार ४० लाख २० हजार येन आहे. तरी पहिला पगार हातात येईपर्यंतचे पैसे जवळ हवेत. घर भाड्याने घेतानाच बरीच रक्कम जाते.

खेड्यात नेमणूक झाली तर गाडी लागतेच. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तिथेही डावीकडूनच चालवतात, हे आपल्या सोयीचं.

शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी शाळेत सांगा आणि शाळेच्या जेवणाऐवजी डबा आणायची परवानगी घ्या. भाजीच्या सारातही बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो.

आणि शंभराच्या कोऱ्या नोटा न्या. मागच्या बाजूच्या चौकटीत पंधरा भाषा आहेत. मुलं बोट ठेवून लिप्या मोजतात, आणि मग विचारतात, "सेन्सेई (म्हणजे बाई), यातली तुमची कुठली?"