पावलांमागे जाणारा ढोल

'कसाव' या बँडचं झूक, म्हणजे फ्रेंच कॅरिबियन बेटांवरचं नाचाचं संगीत, ऐकताना आधी कानात भरतात ते ट्रम्पेट, सिंथेसायझर आणि ऐंशीच्या दशकातलं ते ड्रम-मशीन. पॅरिसच्या उपनगरात राहायला आल्यापासून हे संगीत माझ्या आसपास आहे. लग्नांत वाजतं, सलूनमध्ये वाजतं, उन्हाळ्यात शेजारच्या उघड्या खिडकीतूनही येतं. पण त्याच्या तळाशी काय आहे, हे मला ग्वादलूप या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावरच्या एका मैत्रिणीने दाखवलं. ती मला लेवोजला घेऊन गेली.

लेवोज म्हणजे ग्वो का या ढोलवादनाची रात्रीची बैठक. माणसं गोल करून उभी राहतात, एक जण क्रेओल या बेटाच्या बोलीत गाणं उचलतो आणि बाकीचे ध्रुपद धरतात. बुला नावाचे ढोल आडवे ठेवलेले असतात. वादक त्यांच्यावर मांड टाकून बसतात आणि ठेका जराही हलू देत नाहीत. माके हा ढोल मात्र उभा असतो. बुलाला बोकडाचं कातडं आणि माकेला शेळीचं, कारण ते पातळ असतं आणि आवाज चढा देतं. पूर्वी खारवलेलं मांस ज्या पिंपांतून बेटावर यायचं, त्याच पिंपांचे हे ढोल व्हायचे.

गर्दीतून एक बाई रिंगणात आली, माकेच्या समोर उभी राहिली आणि नाचायला लागली. माकेवाला तिच्या पायांकडे बघून वाजवत होता. ती अडखळल्यासारखं करायची, तोल जाता जाता सावरायची, आणि ते सगळं त्याच क्षणी ढोलावर उमटायचं. नाचणारा ढोलामागे नव्हता, ढोल नाचणाऱ्यामागे होता.

माझे बाबा कोल्हापूरकडच्या एका फडात ढोलकी वाजवायचे. ते म्हणायचे, ढोलकीवाल्याची नजर स्वतःच्या हातावर नको, नाचणारीच्या पायावर हवी. त्यामुळे त्या रात्री मी पाहुण्यासारखी उभी राहू शकले नाही. फरक मात्र मोठा आहे. फडातल्या ढोलकीवाल्याला आपली नर्तकी, तिची लावणी, तिचा तोडा ठाऊक असतो. इथे रिंगणात येणारी आजी असेल, शाळकरी पोरगा असेल, माकेवाल्याने तिला किंवा त्याला आधी कधी पाहिलेलंही नसेल. तरीही नाचणाऱ्याने पायाने खूण केली की ढोलाला त्याच्यासोबत मूळ ठेक्यावर उतरावंच लागतं. चुकलं तर सगळ्या रिंगणाला कळतं.

ग्वो काचे मुख्य ठेके सात. मला कलाजा सगळ्यात जवळचा. तो संथ आहे आणि दुःखाचा आहे. तुंब्लाक उसळता, मेन्दे कार्निव्हलचा, तर ग्राज कसावा हा कंद किसण्याच्या कामाशी बांधलेला. मर्तिकाच्या जागरणात ढोल नसतो, तिथे माणसं गळ्यातून ढोलाचे आवाज काढतात.

हे सगळं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी उसाच्या मळ्यांवर घडवलं. फ्रान्सने 1794 मध्ये त्यांना मुक्त केलं, नेपोलियनने 1802 मध्ये पुन्हा गुलाम केलं, आणि खरी सुटका 1848 मध्ये झाली. त्यानंतरही शहरातल्या प्रतिष्ठितांनी हा ढोल हलक्या लोकांचा ठरवला. वेलो हा त्यातला सर्वांत मोठा वादक. तो ग्वादलूपमधल्या प्वांतापीत्र शहराच्या रस्त्यावर वाजवायचा, गरिबीत जगला आणि 1984 मध्ये गेला. आज त्याच शहरात त्याचा पुतळा आहे. जिवंतपणी त्याला याच्या निम्मा मान मिळायला हवा होता, असं मला फार वाटतं.

पियेर-एद्वार देसिमुस आणि जाकोब देवारिए यांनी 1979 मध्ये 'कसाव' उभा केला, तेव्हा त्यांच्यासमोर हैतीचा कोम्पा होता, डॉमिनिकाचा कादांस होता, अमेरिकन फंक होतं. पण पाया त्यांनी घरचाच घेतला: ग्वो का आणि ग्वादलूपच्या कार्निव्हलमधल्या मास, म्हणजे मुखवट्यांच्या मिरवणुकांचे ढोल. पहिल्या अल्बमच्या नावातच ग्वो कामधला 'का' आहे. गाणी क्रेओलमध्ये होती, आणि तीही अशा काळात जेव्हा शाळेत क्रेओल बोललं की पोरांना दटावलं जायचं. झूक म्हणजे डिस्कोला लावलेली बेटाची फोडणी, असं कुणी म्हणालं की मी वाद घालते. ड्रम-मशीनच्या खाली तो कार्निव्हलचा ठेका स्पष्ट ऐकू येतो, फक्त बासवरचं लक्ष काढून वरच्या पट्टीतल्या टिकटिकीकडे न्यायला हवं.

पुढे हे संगीत आफ्रिकेत गेलं. आबिजानपासून लुआंडापर्यंत 'कसाव'साठी स्टेडियम भरली, आणि अंगोलातल्या किझोंबा या नाच-संगीतावर झूकची छाप पडली. ज्या किनाऱ्यावरून माणसं जहाजांत कोंबून नेली, तिथे त्यांच्या वंशजांचा ठेका नाचासाठी परत पोचला. 2014 मध्ये युनेस्कोने ग्वो काला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. देवारिए 2021 मध्ये कोविडने गेला, त्या दिवशी आमच्या इमारतीत मजल्यामजल्यावर त्याचीच गाणी लागली होती.

तुम्ही ऐकणार असाल तर झूकपासून सुरुवात करू नका. आधी वेलोचं वादन शोधा, तेही लेवोजमधलं, आणि माके कुणाच्या पायांचं ऐकतोय ते ओळखायचा प्रयत्न करा. 'कसाव' त्यानंतर लावा.